घाट ग्रॉस मोजतो

माझा धंदाच वजनाचा. परतवाडा-अंजनगाव रस्त्याला माझा धर्मकाटा आहे. दसरा झाला की कपाशीच्या गाड्या सुरू होतात, त्याच दिवसांत आंबिया बहाराचा संत्रा येतो, उन्हाळा तोंडावर आला की मृग बहाराचा. मधूनमधून डेपोतून निघालेला सागवान. भरली गाडी मोजायची, खाली गाडी मोजायची, वजाबाकी करून चिठ्ठी द्यायची. ग्रॉस, टेअर, नेट. यातून वेळ उरला की सायकल.

हिवाळ्यात रविवारी चिखलदऱ्याकडे निघालेली पोरं कधीकधी काट्यावर पाणी प्यायला थांबतात. अंगात रंगीत जर्सी, डोळ्यांवर गॉगल. माझी सायकल केबिनला टेकलेली दिसली की हमखास विचारतात, "काका, कितीची हाय?" हा प्रश्न किमतीचा नसतो, किलोचा असतो. मग एखादा म्हणतो, ठेवू का काट्यावर? ठेव बापा. माझा काटा दहा-दहा किलोनं सरकतो. चौदा किलोची सायकल ठेवली तर इंडिकेटर १० म्हणेल, सोळाची ठेवली तर २०. ट्रक मोजायला तेवढं पुरतं. सायकलसाठी मी कापसाचं गाठोडं मोजायचा जुना ताणकाटा खिळ्याला टांगून ठेवलाय. त्यावर कॅरिअर, स्टँड, मडगार्डसकट जुनी बावीस इंची काळी सायकल बावीस किलोच्या वर भरते. डबल शॉकअपवाली मुलांची सायकल अठरा-एकोणीस. माझी साधी हायब्रीड चौदा. डॉक्टरसाहेबांच्या मुलाची कार्बन फ्रेमची नऊ, तीही बाटल्या काढून.

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे माझा भाचा. अमरावतीला बँकेत आहे, दोन हिवाळे झाले सायकल चालवतोय. त्याला एक रोडबाइक पसंत पडलीय. आत्ताच्यापेक्षा तीन किलोनं हलकी, आणि जुनी विकून वरून पाऊण लाख घालायचे. फोनवर म्हणाला, "मामा, तीन किलो म्हणजे लय होते. घाट कसा निघंन मंग, पाहाच तुम्ही."

मी विचारलं, "किती मिनिटं वाचतील?"

"ते नाही मोजलं."

ते मी मोजलं.

परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा १,११८. तीसेक किलोमीटरच्या अंतरात सातशेच्या वर मीटर चढायचे. धामणगाव गढीपर्यंत रस्ता न कळत उचलत राहतो, खरा घाट त्यापुढे. घटांगमार्गे लांबूनही जाता येतं, पण आमची मंडळी बहुधा गढीवरूनच जातात. हिशेब सोपा व्हावा म्हणून चढ सातशे मीटरचा आणि सरासरी पाच टक्क्यांचा धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर. असा चौदा किलोमीटर. खरा रस्ता इतका शहाणा नाही, कुठे तो सपाट होतो, कुठे वळणावर एकदम छातीवर येतो. पण काट्याला गोळाबेरीज चालते.

आता भाच्याला काट्यावर उभा करू. स्वतः सत्तर किलो. सायकल चौदा. बूट, कपडे, हेल्मेट दोन. दोन बाटल्या पाणी पावणेदोन. ट्यूब, पंप, पाने, कुलूप, मोबाइल, केळी, चिक्की मिळून सव्वादोन. एकूण नव्वद. हा झाला ग्रॉस. भाचा बोलतो टेअरचं, म्हणजे खाली गाडीचं. घाट मात्र तुमची गाडी खाली करून मोजत नाही. त्याच्या लेखी केळीही वजन, कुलूपही वजन आणि माणूस तर वजनच वजन.

पाच टक्क्यांच्या चढावर नव्वद किलोचा भार तुम्हाला साडेचार किलोच्या जोरानं मागे ओढतो. टायर रस्त्याला घासतात त्याचा साधारण पाऊण किलो. ताशी नऊ किलोमीटरला वारा पाव किलोही अडवत नाही. सगळं मिळून साडेपाच किलोच्या जरा आत. एवढा भार नऊच्या वेगानं ओढायला चाकापाशी सुमारे १३० वॅट लागतात. हौशी, नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणाऱ्या माणसाला दीड तास एवढं झेपलं तरी पुष्कळ. या वेगानं चौदा किलोमीटरला ९३ मिनिटं.

आता तीन किलो काढा. ग्रॉस सत्त्याऐंशी. पायांचा जोर तोच ठेवला तर वेळ येतो साडेनव्वद मिनिटांच्या थोडा वर. वाचले अडीच-पावणेतीन मिनिटं. पाऊण लाखाला भागून पाहा, मिनिटाला पंचवीस हजारांच्या वर जातात. एवढ्या भावानं आमच्याकडे कोणी सोनंही घेत नाही.

हेच दुसऱ्या बाजूनं सांगतो. तीन किलोंनी जे साधलं ते चार-साडेचार वॅट जास्त काढूनही साधतं. नियमानं महिना-दोन महिने सायकल चालवणाऱ्या नवशिक्याला एवढी वाढ सहज मिळते, तीही फुकट. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, तुमी बँकवाल्याले हिशेब शिकवून राह्यले." राह्यलो. बँकेत व्याज मोजतात, मी वजन मोजतो.

लक्षात ठेवायला सोपं असं सांगायचं तर या मापाच्या घाटात एक किलो म्हणजे जवळपास एक मिनिट. मग तो किलो कुठलाही असो, फ्रेममधला, बाटलीतला, नाहीतर पोटावरचा. फिरणाऱ्या भागाचं वजन दुप्पट लागतं म्हणून चाकं आधी हलकी करा, असं पोरं ठामपणे सांगतात. वेग वाढवतानाच ते खरं असतं. रिमवरच्या शंभर ग्रॅमला जोर धरायला जवळजवळ दुप्पट कष्ट पडतात. पण घाटात आपण एकसारख्या गतीनं रांगत असतो, दर वळणाला शर्यत सुटत नाही. तिथं रिमवरचे शंभर ग्रॅम आणि खिशातले शंभर ग्रॅम एकाच भावाचे.

आणि पाणी. कोणीतरी वाचून येतो की पाणी कमी न्या, एक लिटर म्हणजे एक किलो. हे ज्यांच्या गावी ऑक्टोबरात थंडी पडते त्यांनी करावं. आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन कापूस फोडतं. घाटातल्या मोथा गावाला पोचेपर्यंत बाटल्या भरलेल्याच हव्यात. तिथं गवळ्यांची वस्ती आहे, पाणी मिळतं, चहा मिळतो आणि रबडीही मिळते. रबडीचं वजन धरायचं नसतं.

सपाटीवर तर हा सगळा वाद पोकळच. आमचा मुलूख जुन्या वऱ्हाडातला पायनघाट, पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन. दर्यापूर, अंजनगाव, अकोटपर्यंत जा, पुलाचा चढ सोडला तर चढ नाही. तिथं ताशी पंचवीसच्या वेगाला वाराच सव्वा-दीड किलोच्या जोरानं अडवतो, आणि सायकल तीन किलोनं हलकी केली तर फरक पडतो फक्त चोवीस ग्रॅम जोराचा. समोरून आलेल्या वाऱ्याला थोडं वाकलात तरी याच्या कितीतरी पट मिळतं. वर्षाचे बहुतेक किलोमीटर आपण याच सपाटीवर घालवतो, आणि सायकल घेताना मात्र डोळ्यांसमोर गाविलगडचा डोंगर.

आता खरी गोष्ट, गेअरची. सायकलचं वजन घाटात जेवढं जाणवतं त्यापेक्षा चुकीचा गेअर कितीतरी जास्त मारतो, आणि दमलेला माणूस त्याचं खापर वजनावर फोडतो.

ती काळी सायकल घ्या. पुढे ४४ दात्यांची चकती, मागे १८ दात्यांचं फ्रायव्हील. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. ताशी नऊ म्हणजे मिनिटाला दीडशे मीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम २८ फेरे. त्याच १३० वॅटसाठी पायडलवर सरासरी सत्तावीस किलोचा दाब पडतो, आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आडवा असतो त्या क्षणी त्याच्या दीडपट. म्हणजे दीड तास एकेका पायावर जिना चढल्यागत. गुडघे ओरडतात, मग माणूस उतरतो आणि म्हणतो, सायकल जड आहे.

आता भाच्याची आत्ताची चौदा किलोची हायब्रीड. पुढची लहान चकती २८ दात्यांची, मागची मोठी २८ चीच. एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आत. त्याच वेगाला मिनिटाला सत्तर फेरे, आणि पायावरचा सरासरी दाब साडेदहा-अकरा किलो. काम तेवढंच, वॅट तेवढेच, वेळही जवळपास तोच. पण पाय मोडत नाहीत.

मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलात, मेळघाटातल्या रस्त्यांवर कोरकू माणसं सायकलवर पोतं बांधून जाताना दिसतात. सपाटीला बसून, चढ आला की उतरून, हँडल धरून पायी. त्यांच्याकडे पाहून कोणाला वाटेल की भार झेपत नाही. तो माणूस तेवढंच ओझं पायी ढकलत वर नेतोच की. म्हणजे ताकद आहे, ओझंही जातंय. सायकलला त्या वेगाचा गेअर नाही एवढंच. चालताना माणूस आपोआप लहान पावलं टाकतो, चकती-फ्रायव्हीलला तशी सोय लागते.

आमचे गुरुजी याचं जिवंत उदाहरण. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, साठी उलटलीय. त्यांची सायकल सोळा किलोची, वर कॅरिअर, कॅरिअरवर पिशवी, पिशवीत डबा आणि पेपर. मागे त्यांनी ३४ दात्यांचं फ्रायव्हील बसवून घेतलंय. घाटात ते कोणाशी बोलत नाहीत, कोणाला ओलांडत नाहीत आणि थांबतही नाहीत. नऊ किलोची कार्बन घेऊन आलेली पोरं पहिल्या वळणांवर भुर्रकन पुढे जातात, मग मैलाच्या दगडावर बसलेली सापडतात. गुरुजी त्यांना "या बरं मागून" एवढंच म्हणतात.

भाच्याच्या पसंतीतली मेख इथंच आहे. त्यानं फोटो पाठवला, खालची माहिती मी चष्मा लावून वाचली. पुढची लहान चकती ३४, मागची सगळ्यात मोठी २८. एका फेऱ्यात अडीच मीटरच्या वर. घाटातल्या नऊ टक्क्यांच्या तुकड्यावर १३० वॅटमध्ये वेग पडतो साडेपाचच्या आत. तिथं या नव्या सायकलवर त्याला मिनिटाला ३६ फेऱ्यांवर कण्हावं लागेल. आत्ताच्या सायकलवर ४२ फेरे पडतात. आणि आत्ताचीलाच मागे ३४ बसवलं तर ५१. म्हणजे पाऊण लाख घालून तीन किलो कमी होणार, आणि ज्या वळणावर जीव जातो तिथं गेअर उलट जड होणार. त्या वळणावर तीन किलो कोणाच्या लक्षातही येणार नाहीत, जड गेअर येईल.

फ्रायव्हीलची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. सात गेअरच्या साध्या सायकलींना मागे बहुधा १४ ते २८ दात्यांचं असतं. १४ ते ३४ चं मिळतं, आट्यांवरच बसतं, अमरावतीत मिळून जातं. किंमत म्हणाल तर कार्बनचं बाटली अडकवायचं स्टँड येतं त्याच्याही आत. फक्त मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, लांब दांड्याचा आहे का पाहायचं, ३४ पेलणार आहे का विचारायचं, आणि चेन दोन-चार कडी लांब लागेल ते मेकॅनिकला आधीच सांगायचं. जुन्याच चेनवर चालवून घेऊ म्हणणाऱ्या मेकॅनिककडून सायकल परत उचलायची. पुढची मोठी चकती आणि मागची मोठी चकती एकत्र लागली की ती आखूड चेन डिरेलरसकट ओढून मोडते.

टायरचंही तसंच. हलक्या प्रतीचे खडबडीत टायर आणि चांगले गुळगुळीत टायर यांच्या घर्षणातला फरक नव्वद किलोच्या भाराला सहज साडेचारशे ग्रॅम जोराचा पडतो. पाच टक्क्यांच्या चढावर साडेचारशे ग्रॅम म्हणजे नऊ किलोचं ओझं. नऊ! अख्खी कार्बनची सायकल. हवा कमी असेल तर आणखी. डबल शॉकअपच्या स्वस्त सायकलींबद्दल तर बोलायलाच नको, पायडल मारलं की मागची स्प्रिंग दबते, थोडी ताकद तिच्यात जिरते, आणि वजन वेगळंच. पोरांना त्या दिसायला आवडतात. आईबापांना मी सांगतो, तेवढ्याच पैशांत सरळ फ्रेमची घ्या, भाऊ.

तर मग वजनाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि ज्यांना आहे त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

काट्याजवळच्या वस्तीवरची एक मुलगी नववीत आहे. साधी लेडीज सायकल, कॅरिअर-टोपलीसकट ताणकाट्यावर अठरा किलो भरली. पोरगी अडतीस किलोची, दप्तर पाच. ग्रॉस एकसष्ट, त्यात सायकलच अठरा, तीस टक्क्यांच्या जवळ. भाच्याच्या भारात सायकलचा वाटा सोळा टक्के आहे. या मुलीची सायकल पाच किलोनं हलकी झाली तर आठ टक्क्यांनी भार उतरतो, भाच्याचे तीन किलो गेले तर साडेतीनही टक्के नाही. शिवाय हिच्या सायकलला गेअर एकच. माणूस जेवढा हलका तेवढं सायकलचं वजन त्याला जास्त लागतं, आणि बाजारात नेमका उलटा प्रकार आहे. पंचाऐंशी किलोचे आमच्यासारखे पोटवाले गृहस्थ आठ-नऊ किलोच्या सायकली घेतात, आणि अडतीस किलोच्या पोरी अठरा किलो ओढतात. नाल्यावरच्या पुलाचा चढ आला की ही उतरून चालते. तिला मी सीट वर करून दिली आणि टायरमध्ये हवा भरून दिली, तेवढ्यानंही फरक पडला म्हणाली. तिच्या फ्रायव्हीलच्या जागी दोन-चार दाते जास्तीचं बसवायचं माझ्या डोक्यात आहे. वेग जाईल थोडा, पण पूल बसून निघेल.

शर्यतवाल्यांची गोष्ट वेगळी. तिथं सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं २००० पासून नियमच केलाय की सायकल ६.८ किलोच्या खाली नको. म्हणजे तिथं ग्रॅम-ग्रॅम खरंच मोलाचा, कारण दोघांच्या पायांत फरकच उरलेला नसतो आणि अर्ध्या मिनिटावर निकाल फिरतो. चिखलदऱ्याला आपला निकाल कोण लावतो? वर पोचल्यावर कोणी आधी चहा घेतला एवढाच.

हलकी सायकल हाताला मात्र छान लागते, ते नाकारत नाही. डॉक्टरसाहेबांच्या मुलाची एकदा चालवली. उभं राहून पायडल मारलं की ती खालून निसटून पुढे पळते, जिन्यावरून उचलून न्यायला एक हात पुरतो. ते सुख मिनिटांत मोजता येत नाही. उतरताना मात्र हलकेपणाचा उपयोग नाही, उलट जडच आधी खाली येतो. तिथं ब्रेकचे रबर पाहून घ्यावेत. सातशे मीटर चढताना साठवलेलं बरंचसं त्या दोन रबरांतून उतरतं, आणि गढीच्या अलीकडे वळणावर बैलगाडी असू शकते.

हा सगळा हिशेब भाच्याला पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं, ताईची तब्येत, यंदा कपाशीला भाव. मग म्हणाला, "मामा, खरं सांगू काय? वजनाचं राहू द्या. तिचा रंग आवडला मले."

"मग तसं सांग ना बापा. घे." पैसे त्याचे, पाय त्याचे. एवढंच म्हटलं की घ्यायचीच तर दुकानातच मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा जुडगा, ३४ ची बदलून माग, डिरेलरला झेपते का विचार, आणि वरचे पैसे किती ते लिहून घे. त्यानं दुकानात विचारलंय. अजून कळवलं नाही. जुनी हायब्रीड विकायची की ठेवायची ते त्यावर ठरेल. विकली तर गुरुजींचा नातू घ्यायला बसलाय.